एका बाजूनं बसायची सोय

माझ्या हातात पाना दिसला की घरातली माणसं आपापल्या वस्तू उचलून आत नेतात. यात त्यांचं काही चुकत नाही. मिक्सर मी सुधारला तेव्हापासून तो चालू असताना एका हातानं दाबून धरावा लागतो. मागच्या दाराला मी स्प्रिंग लावली, तिनं आईच्या कपाळाला टेंगूळ आणलं. तरीही रेल्वेच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं नटबोल्टांच्या सहवासात काढल्यामुळे मला मनातून वाटत आलं आहे की आपण मुळातले मेकॅनिक, चुकून कारकून झालो.

छत्तीसगढ राज्य नवीन झालं, आणि काही वर्षांनी राजधानीची कार्यालयं रायपूर गाव सोडून लांब माळावर गेली. तिकडचे रस्ते एवढे रुंद की तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीच्या गल्लीत जन्म काढलेल्या माणसाला त्यांवर उगाच पोरकं वाटतं. मला मात्र वाटलं, हे रस्ते आपल्यासाठीच झाले. मी एक जुनी क्रूझर घेतली. क्रूझर म्हणजे लांबट अंगाची, बुटक्या सीटची मोटारसायकल. तिच्यावर माणूस बसत नाही, रेलतो. पहिल्या महिन्यातच मी तिचं हँडल पाइपाचे तुकडे घालून उंच केलं. गल्लीतून निघालो तर दारात भाजी निवडत बसलेल्या आईनं विचारलं, "हात वर करून कोणाले शरण चालला?" मग मी पाय ठेवायचे दांडे वीतभर पुढे नेले, गुडघ्याला आराम म्हणून. त्यानंतर आठवडाभर ब्रेक मारायच्या आधी तो शोधावा लागत होता.

इथवर हसण्यासारखं आहे, आणि हे सगळं मी नातेवाइकांत पुष्कळदा सांगितलं आहे. पुढचं सहसा सांगत नाही.

माझी बायको सरकारी नोकरीत आहे. राज्य झालं त्याच सुमाराला लागली, कारकून म्हणून. कार्यालय नव्या रायपुरात गेलं तशी ती रोज सकाळी बस पकडू लागली, आणि तिथल्या चौथ्या वर्षी तिला तिच्या सेक्शनची इन्चार्ज केलं. घरी येऊन तिनं हे चहा गाळता गाळता सांगितलं, जसं काही दूध नासलं हे सांगावं. पण त्या रविवारी तिनं चष्म्याची नवी फ्रेम घेतली. तिला ओळखणाऱ्याला त्यावरून कळायचं ते कळतं.

वर्षही झालं नसेल, तिच्या मणक्यातली गादी सरकली. आधी कंबर, मग डावा पाय, मग पायाचा अंगठासुद्धा बधिर. दोन महिने ती पाठीवर पडून होती. उठू लागली, घरातल्या घरात चालू लागली, पण बसचे, रिक्षाचे हिसके सोसणार नाहीत हे उघड होतं. संध्याकाळचा प्रश्न नव्हता. तिच्या सेक्शनमधल्या एक दीदी आपल्या कारमधून आणून सोडायला तयार होत्या. सकाळी त्या दुसऱ्याच बाजूनं यायच्या. आमच्या गल्लीत कार ठेवायला जागा नाही, आणि मला कार चालवता येते असं फक्त माझं लायसन्स म्हणतं. रजा संपत आली होती. पुढच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकायचा. त्या अर्जाचा नमुना तिनं मागवून ठेवला होता. तो कोरा कागद फ्रिजवर पडून असायचा, आणि येताजाता आम्ही तिघंही तो न पाहिल्यासारखं करायचो.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. बसताना पाठ सरळ, दोन्ही पाय सारखे, कमरेला पीळ नको. एवढं सांभाळलं तर प्रवास करा म्हणाले.

मोटारसायकलवर हे तिन्ही सांभाळायचा उपाय पहिलीतल्या पोट्ट्यालाही सुचला असता. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. पण आमच्या घरातल्या बाया गाडीवर एका बाजूनं बसतात. हा नियम आईचा. निदान त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून असंच सांगितलं असतं. आई चौऱ्याहत्तरची, वर्ध्याकडची, डोक्यावरचा पदर अजून न ढळू देणारी. तिच्यापुढे सुनेनं टांग टाकून गाडीवर बसावं, हे कल्पनेतसुद्धा मला जमत नव्हतं. तेव्हा मी विचार केला, बाईनं एका बाजूनंच बसायचं, पण पाठ सरळ राहील आणि कमरेला पीळ पडणार नाही, अशी सीट का बनवू नये?

आज हे लिहिताना मला दिसतं की एका माणसाला एक प्रश्न विचारायचा सोडून मी लोखंड कापायला बसलो होतो. तेव्हा मात्र मला झोप येत नव्हती, इतका आनंद झाला होता.

कबाडीकडून ऑफिसच्या फिरत्या खुर्चीची एक पाठ आणली. ती मागच्या सीटच्या उजव्या कडेला उभी करायची, म्हणजे डावीकडे तोंड करून बसलेल्या बाईला टेकायला मिळेल. डाव्या बाजूला साडीच्या जाळीखाली जो लहानसा दांडा असतो त्याच्या जागी खडबडीत पत्र्याची चांगली हातभर फळी, दोन्ही पाय सारखे ठेवायला. सीट थोडी डावीकडे फिरवायची. सगळं जुळवायला लोखंडी पट्टीचा एक सांगाडा लागणार होता. मापं मी स्वतः घेतली. पट्ट्या स्वतः कापल्या, भोकं स्वतः पाडली. त्यातली निम्मी पुन्हा पाडली. वेल्डिंग तेवढं बाहेरून करून घेतलं, बीरगांवच्या एका वेल्डरकडून. कारखान्यांच्या गेटांचं काम करणारा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस.

त्यानं सांगाडा जोडून दिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की वजन सगळं डावीकडे जाणार, गाडी ओढणार. मी म्हटलं, त्याचा विचार झालेला आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना डिक्क्या होत्या, त्यांतल्या उजवीत वजन ठेवून तोल साधायचा. त्यानं डिक्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अउ भाभी उतरही, तब गाड़ी ला कोन धरही?"

भाभी उतरेल तेव्हा गाडी कोण धरणार, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी धरीन, मी काय तिथं नसणार का. तो "हव" म्हणाला. छत्तीसगढ़ी माणूस "हव" म्हणतो त्यात होकार किती आणि सुटका किती, हे इतक्या वर्षांनी मला कळायला हवं होतं.

उजव्या डिक्कीत मी डंबेल्स ठेवले. चाळिशीत पोट कमी करायला घेतले होते. पोट जिथल्या तिथे राहिलं आणि डंबेल्स पलंगाखाली गेले. आता ते फडक्यात गुंडाळून डिक्कीत बसवले. बायकोचं वजन विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून अंदाजानं तांदळाची दोन लहान पोती आणि वर एक पिशवी मागच्या सीटवर बांधली आणि गावाच्या टोकाला तेलीबांध्यापर्यंत जाऊन आलो. गाडी सरळ रेषेत चालली. हात सोडून पाहिले, तरी सरळ. पुन्हा दोन दिवस तेच केलं, डंबेल एक कमी, एक जास्त, असं करत करत. तिसऱ्या दिवशी तोल असा जमला की मी घरी येऊन आईला पेढा द्यावा तसा गूळ दिला.

तांदळाची पोती स्वतः उतरत नाहीत, ती आपण गाडी स्टँडवर लावून सोडतो. हे माझ्या लक्षात आलं नाही.

बायको हे सगळं खिडकीतून पाहायची. खिडकीला कंबर टेकून उभं राहिलं की तिला बरं वाटायचं. एकदाच तिनं विचारलं, "एवढं सगळं लागतेच काय?" मी तिला कागदावर आकृती काढून दाखवली. बाण होते, तुटक रेषा होत्या. तिनं ती पूर्ण पाहिली आणि म्हणाली, चांगली आहे. मग कागद मला परत दिला.

हजर व्हायच्या आधीच्या रविवारी मी तिला सरावासाठी घेऊन निघालो. तिनं गुलाबी काठाची सुती साडी नेसली होती. आई दारापर्यंत आली. बसवताना थोडा त्रास झाला, कारण तिच्या वजनाशिवाय गाडी उजवीकडे झुकायची आणि मला उजव्या पायावर ती पेलून धरावी लागायची. पण ती एकदा बसली, पाठ टेकली, पाय फळीवर ठेवले, की सगळं जागच्या जागी. तेलीबांधा गेला, गाव संपलं, रस्ता मोकळा झाला. मी विचारलं, दुखतं का? नाही म्हणाली. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली की खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही वस्तूला तिनं दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. मी एवढा फुगलो की पुढचे चार किलोमीटर तोंड भरून बोलत होतो. काय ते मला आठवत नाही.

तिच्या कार्यालयाची इमारत रविवारची बंद होती. बाहेरूनच पाहू म्हणाली. तिच्या सेक्शनची खिडकी तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून पाचवी. मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली, दोन्ही पाय टेकले आणि मान वर करून खिडक्या मोजू लागलो.

ती उतरली.

तिचं वजन निघालं तशी गाडी उजवीकडे गेली. ते मला कळलं तेव्हा ती माझ्या पायाच्या आवाक्याबाहेर कलली होती. त्यानंही फार बिघडलं नसतं. गाडी पडली असती, मी पडलो असतो, ती डावीकडे सुखरूप उभी राहिली असती. पण गाडी उजवीकडे पडताना डावीकडची फळी वर उचलली गेली. त्या फळीचा एक बोल्ट लांब होता, नटाच्या बाहेर बोटभर आटे निघालेले. नंतर कापू म्हणून मी तसाच सोडला होता. त्यात तिच्या निऱ्या अडकल्या. गाडीनं तिला ओढलं आणि सोडलं, आणि ती डांबरावर बसकण मारून आदळली.

मी गाडीखालून पाय काढून तिच्याकडे गेलो तर डोळे उघडे, श्वास अर्धवट, आणि एक हात माझ्या दिशेनं, जवळ येऊ नका अशा अर्थाचा.

एवढ्या रुंद रस्त्यावर रविवारी सकाळी माणूस दिसत नाही. बस कधी येईल कोण जाणे. शेवटी दुभाजकात लावायची रोपं घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं आपल्या सीटवरची सतरंजी काढली, आणि दोघांनी तिला त्या सतरंजीसकट उचलून मागे कण्हेरीच्या रोपांमध्ये आडवं ठेवलं. तिच्याजवळ बसायला जागा नव्हती, आणि गाडी तशी सोडून येऊ नका, असं तीच म्हणाली. मी टेम्पोच्या मागे मागे निघालो. डिक्कीतले डंबेल्स काढून टाकावेत हेसुद्धा मला सुचलं नाही. ती मागे नसल्यामुळे गाडी सारखी उजवीकडे ओढत होती, आणि मी दवाखान्यापर्यंत ती डावीकडे रेटत होतो. पुढे रोपांमध्ये तिचा पाय दिसत होता.

हाड मोडलं नव्हतं. सुजेनं पुन्हा सगळं पहिल्यापासून. सहा आठवडे अंथरूण, मग पाहू म्हणाले. रजा बिनपगारी वाढवून घेतली, पण त्यापुढे मिळणार नाही असं कार्यालयातून तोंडी कळलं. मी डॉक्टरांना एकट्यात गाठून विचारलं, इतकी वर्षं एका बाजूनं बसल्यामुळे मुळात हे दुखणं आलं असेल का. ते म्हणाले, सांगता येत नाही, कारणं पुष्कळ असतात. मला त्यांनी "नाही" म्हणायला हवं होतं. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, की म्हणतील. मग पुढचा पेशंट आत आला.

दुखणं थोडं उतरल्यावर एका दुपारी मी तिच्यापाशी बसलो होतो. ड्युटी संध्याकाळची होती. आई शेजारच्या खोलीत झोपली होती. मी माफी मागायला बसलो होतो, पण मला सरळ माफी मागता येत नाही; मी कारणं सांगू लागलो. म्हटलं, खरं म्हणजे तू दोन्हीकडे पाय टाकून बसली असतीस तर हे काही करावंच लागलं नसतं. पण आईपुढे ते कसं जमणार, तिच्या वेळचे नियम, या वयात तिला काय सांगायचं.

ती छताकडे पाहत होती. म्हणाली, "आई कधीच बोलल्या नाहीत."

मी म्हटलं, बोलायची गरजच कुठे होती.

"तुम्हीच म्हणाले होते. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात. तुमच्या मित्राची मोटारसायकल होती, तलावाकडं चाललो होतो आपण. मी दोन्हीकडं पाय टाकून बसली. तुम्ही मागं पाहून म्हणाले, एका बाजूनं बस, लोक पाहून राहिले."

मला आठवलं नाही. मी फार प्रयत्न केला. मोटारसायकल आठवली, तलाव आठवला, मित्राला परत देताना टाकीत पेट्रोल भरलं होतं तेही आठवलं. ते वाक्य आठवलं नाही. मागे वळून म्हणायला चार सेकंद लागले असतील, आणि तिनं ते बावीस वर्षं पाळलं.

"मग मले सांगायचं होतं," मी म्हटलं. "ही सीट बनवून राहिलो होतो तेव्हा तरी."

"मले वाटलं, तुम्हाले माहीत आहे. म्हणूनच बनवून राहिले." मग म्हणाली, "मले कोणी विचारलंच काहून नाही?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात सांगाडा सोडवायला बसलो. आई दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घालूनच तिला विचारलं, सून टांग टाकून गाडीवर बसली तर तुला चालेल का. आईला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ती म्हणाली, "मी कवा नाही म्हटलं बाप्पा? मले वाटे, तुलेच तसं पाहिजे." आणि मग म्हणाली की तिला स्वतःला एका बाजूनं बसून गाडीवर भोवळ येते, म्हणून तर ती रिक्षानं जाते. हेही मला माहीत नव्हतं.

बोल्ट गंजलेले नव्हते, पण मी एवढे आवळले होते की काही करवतीनं कापावे लागले. खुर्चीची पाठ, फळी, सांगाडा, सगळं कबाडीकडे परत गेलं. डिक्क्याही काढल्या. पाय ठेवायचे दांडे मागे आणले, हँडल खाली आणलं. गाडी पुन्हा कारखान्यातून आल्यासारखी झाली, फक्त सीटखाली मी पाडलेली भोकं राहिली, चुकलेलीसुद्धा.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, ती अशा स्वरात की जबाबदारी तुमची. हजर व्हायच्या दिवशी ती सलवार-कमीज घालून बाहेर आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, हळूच पाय पलीकडे टाकला आणि बसली. गल्लीतल्या दोन-तीन बायांनी पाहिलं. पाहिलं, एवढंच. इतक्या वर्षांत ज्याला मी भ्यायलो ते लोकांचं पाहणं एवढंच होतं.

दर गतिरोधकाला तिचा श्वास माझ्या मानेवर अडकायचा आणि सुटायचा. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, तुम्ही रस्ता पाहा. गाव संपल्यावर म्हणाली, थांबा. उतरली, कंबर धरून रस्त्याच्या कडेनं पन्नास पावलं गेली, पन्नास आली, पुन्हा बसली. पुढे आणखी एकदा तसंच. मी दोन्ही वेळा गाडी स्टँडवर लावून, हँडल दोन्ही हातांनी धरून उभा होतो. कार्यालयाला तिला उशीर झाला. तिनं दारातल्या रजिस्टरवर वाकून सही केली, वाकलेलीच क्षणभर राहिली, आणि आत गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. ती रोज जाते. दुखणं आहे. एखाद्या आठवड्यात दोन दिवस रजा पडते. अजून किती दिवस जमेल हे तिला माहीत नाही, मलाही नाही. फ्रिजवरचा कागद तिनं फाडलेला नाही, कपाटात ठेवला आहे, एवढं मला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात धीर करून मी तिला म्हटलं की मागची सीट कडक आहे, आत थोडा फोम घालून मऊ करता येईल, बोल्टला हातसुद्धा लागणार नाही. करू का?

ती चपला घालत होती. तिनं वर पाहिलं.

"विचारून राहिले ना?"

"हो."

"मग नको," ती म्हणाली.

मी सीटवरून फडकं फिरवलं आणि ती बसेपर्यंत गाडी धरून उभा राहिलो.